मानाचा वस्तरा

धनीबाईच्या कमरेच्या बटव्यात तीन वस्तू कायम असत. घोड्याच्या शेपटीचे केस, खडेमिठाची पुरचुंडी आणि तंबाखू. पहिल्या दोन वस्तू लोकांच्या चामखिळींसाठी होत्या. तिसरी, लोक आपापल्या चामखिळीची हकिकत सांगत असताना तिला गप्प बसता यावं म्हणून.

वाकोडीच्या बुधवारच्या बाजारात मिरचीवाल्यांची ओळ संपून मडकेवाल्यांची सुरू होई, त्या फटीत ती बसे. जागा दोन हात रुंद. एका अंगाने ठसका, दुसऱ्या अंगाने मडकी वाजवून पाहणाऱ्या बायकांची टणटण. फेट्या म्हणजे काचा लावलेला घेरदार घागरा, दंडापर्यंत चढवलेल्या पांढऱ्या बांगड्या, गालांवर लोंबणारी चांदी, अशी ती लांबूनच ओळखू येई. घरी तांड्यात ती बंजाऱ्यांची गोरबोली बोले, बाजारात वऱ्हाडी, आणि एखादा रोगी फारच हट्टाला पेटला तर दोन्ही.

ही विद्या तिला बापाकडून आली होती. तिचा बाप धावजी तरुणपणी बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलखात फिरलेला. चामखिळी बैलांनाही येतात. मानेवर आल्या की गोणीचा दोर घासून रक्त निघतं, म्हणून धावजी त्या घोड्याच्या केसाने करकचून बांधी आणि पाडून टाकी. आठ वर्षांची धनी तेव्हा बैलाचा कान धरून उभी राही. "बैल हालते, पण बोलत नाई," ती पुढे सांगायची. "मानूस हालत नाई, पण त्याचं तोंड बंद होत नाई. मले बैलच सोपे."

तांड्यात घोडा उरला नव्हता, म्हणून केसांसाठी तिची सगळी मदार उमरखेडच्या एका टांगेवाल्याच्या पांढऱ्या घोड्यावर होती. टांगेवाल्याच्या अंगठ्यावरची चामखीळ तिने पाडली होती, त्यामुळे तो नाही म्हणत नसे. सन एकसष्टपर्यंत त्या घोड्याची शेपटी इतकी विरळ झाली होती की माश्या हाकलायला तो बिचारा मान वापरू लागला होता.

तिची रीत ठरलेली. रोग्याला उन्हात बसवायचं. जागा ओल्या फडक्याने पुसायची. दोन्ही अंगठ्यांनी कातडी ताणायची आणि त्यावरच्या बारीक रेघा बघायच्या. बोटावरच्या, तळव्यावरच्या आपल्या रेघा जर त्या उंचवट्यावरून सरळ पलीकडे जात असतील, तर ते नुसतं कुरूप किंवा घट्टा. रेघा उंचवट्याच्या काठाशी येऊन थबकत असतील, आणि आत काळे ठिपके दिसत असतील, तर ती चामखीळ. मग ती "हाय" म्हणे, केसाचा फास बुडाशी बसवे, तीन वेढे देऊन आवळे आणि हातात मिठाचा खडा ठेवे. खडा वाहत्या पाण्यात टाकायचा. तो विरघळेपर्यंत मागे वळून बघायचं नाही. आठ-दहा दिवसांत चामखीळ काळी पडून गळे.

आणि ती "नाई" म्हणाली, तर मात्र तहसीलदाराने सांगितलं असतं तरी ती केस काढत नसे.

तिचं हे "नाई" सर्वांत जास्त वेळा कोणी ऐकलं असेल, तर कौसल्याबाईने. कौसल्याचा नवरा धर्मपाल तांड्याच्या शाळेत मास्तर म्हणून आला आणि शाळेलगतच्या खोलीत तिघांचं बिऱ्हाड लागलं. कौसल्या नागपूरला दोन वर्षं कॉलेजात शास्त्र शिकली होती. कातडीची आकृती तिने परीक्षेत रंगीत पेन्सिलींनी काढली होती आणि तिच्यातली बाराच्या बारा नावं बरोबर लिहिली होती. त्याचा परिणाम असा झाला की लेकराच्या अंगावर काही उठलं की इतर आया एका गोष्टीला घाबरत, ही बारा गोष्टींना घाबरे.

तिची मुलगी नलू पाच वर्षांची. तिच्या खांद्यावर एक काळा तीळ होता.

"धनीबाई, बघा हो हा," एका सकाळी कौसल्या नलूचा झगा खांद्यावरून सरकवत म्हणाली. "पोर दोन वर्षांची होती तेव्हा हा बाजरीएवढा होता. आता ज्वारीएवढा झालाय."

"पोट्टी केवढी होती तवा?"

"एवढीशी."

"अन् आता केवढी हाय? झगा पाय तिचा, गुडघ्याच्या वर गेला. मंग तीळ काय एकटा लहान राहीन?"

"पण बांधून पाडता येईल ना?"

"नाई."

"का पण?"

धनीबाईने तंबाखूची चिमूट तोंडात टाकली, आपल्या फेट्याचा काठ उलटा केला आणि तो कौसल्याच्या मांडीवर पसरला. वर रंगीत कापड, त्याखाली अस्तर, आणि दोहोंच्या मध्ये मऊपणासाठी भरलेलं जुनं धडुतं.

"हे पाय मास्तरीणबाई. मानसाची कातडी अशीच असते. वर कापड, खाली अस्तर, त्याच्या खाली मऊ."

कौसल्या चमकली. तिच्या आकृतीतही तेच होतं. वरचा थर, आतला थर, त्याखाली चरबी. "आणि वरच्या थराचा सगळ्यांत वरचा पापुद्रा मेलेला असतो," ती उत्साहाने म्हणाली. "रोज थोडा थोडा झडतो. खालून नवा येत राहतो. महिनाभरात वरचं सगळं कापड नवं!"

"दर महिन्याले नवं कापड?" धनीबाईने आपल्या दहा वर्षं जुन्या फेट्याकडे पाहिलं. "देवानं चांगली सोय केली. नवऱ्यानं काहून नाई केली?"

मग तिने एकेका गोष्टीवर बोट ठेवून सांगितलं. फेट्यावर एका ठिकाणी काळा धागा दाट टाकला होता. "हा तीळ. रंगाचा धागा एका जागी जमला. थो कापडातच विनला हाय. उसवला त भोक पडन." चालताना काठाला चिकटलेलं एक गोखरू होतं, ते तिने उपटून दाखवलं. "ही चामखीळ. कापडाची नाई, भायेरून येऊन चिकटली. हे निंगते." काठ जिथे पायाला घासत होता, तिथे सुताच्या दशा लोंबत होत्या. "आमच्या बाया गळ्यात जड चांदी घालतात, मान घासते, मंग अशा दशा निंगतात. लोंबत्या. कोनाचं काई वाईट करत नाईत. चांदीत अटकली त वरडतात फक्त." शेवटी अस्तराच्या आत सरकलेला धडुत्याचा एक गोळा तिने बोटाने इकडून तिकडे ढकलला. "अन् ही चरबीची गाठ. ढकलली का पयते. पयू द्याची."

"आमच्या सासूबाईंच्या पाठीवर तपकिरी डाग आलेत. मेणबत्तीचं मेण सांडावं तसे."

"थे वयाचे. माह्याही पाठीवर हायेत. आमच्या घरचे नायक म्हनतात म्हातारी झाली, मी म्हनतो पाठ तुमच्याकडं करून झोपले म्हनून दिसले."

कौसल्या हसली, पण तिचा हात नलूच्या खांद्यावरून हलला नाही. "मग घाबरायचं कशालाच नाही, असं म्हणता?"

धनीबाई गंभीर झाली. "जो तीळ आपला रंग बदलवते, काठानं वाकडातिकडा पसरते, खाजते, कोनी हात न लावता ज्यातून रगत येते, त्याले मी बी भेतो. वस्तीतल्या उकंडाजीच्या पायाले तसा होता. थो म्हने बांध, मी म्हनलं नाई, यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात जाय. चार दिवस माह्यासंग भांडला. मंग गेला. आता भेटला का आधी पाय दाखवते, मंग राम राम करते. पोरीचा तीळ गोल हाय, एकाच रंगाचा हाय, गप बसला हाय. तूही बस."

कौसल्या बसली नाही. ती दर पौर्णिमेला दोऱ्याने तीळ मोजू लागली. दोरे एका डबीत जपून ठेवी. धनीबाईने ते पाहिलं आणि सोडून दिलं. मोजल्याने तिळाला काही होत नव्हतं, आणि आईला झोप लागत होती.

एवढं सगळं जाणणाऱ्या बाईच्या स्वतःच्या घरात एक चामखीळ होती, ती तांड्याच्या नायकाच्या हनुवटीवर. तांड्याचा नायक देवीलाल. देवीलाल धनीबाईचा नवरा.

ती आली साठ साली. देवीलाल कळंबच्या चिंतामणीला जाऊन आला, आणि आठ दिवसांत त्याच्या हनुवटीच्या डाव्या बाजूला एक दाणा उगवला. देवीलालने आरशात बघून जाहीर केलं की हा तीळ आहे आणि चिंतामणीचा प्रसाद आहे. धनीबाईने अंगठ्यांनी कातडी ताणून बघितली.

"चामखीळ हाय."

"तीळ हाय."

"बैलाले होते तशी हाय."

"तुले साऱ्या दुनियेत चामखीळच दिसते," देवीलाल म्हणाला. "नवऱ्याचं नशीब उजळलं त पोटात दुखून राह्यलं तुह्या."

दुर्दैवाने पुढच्याच महिन्यात तांड्याला सरकारी विहीर मंजूर झाली. त्यानंतर हरवलेली म्हैस मुकुटबनच्या एका माणसाकडे सापडली, तीही गाभण. मग एक साहेब जीपने आला आणि त्याने विहिरीपाशी देवीलालचा फोटो काढला, डाव्या बाजूने. एवढं झाल्यावर त्या दाण्याला चामखीळ म्हणणं म्हणजे तांड्याच्या भल्याच्या आड येणं होतं. देवीलाल बोलताना हनुवटी पुढे काढू लागला. दाणा वाढला, वर काटेरी झाला, लहान फुलकोबीसारखा दिसू लागला. देवीलालच्या मते नशीब फुलत होतं.

मग ते नशीब वाटलं जाऊ लागलं.

पहिला मान मिळाला धरमसिंगला. धरमसिंग तांड्याचा कारभारी, नायकाच्या खालोखाल. त्याच्या हनुवटीवर दाणा आला तेव्हा तो घरोघर दाखवत फिरला. महिन्याभराने तिसऱ्या मानाच्या किसनसिंगला आला. मग चौथ्या घरी. लोक म्हणाले, चिंतामणीची कृपा सगळ्या तांड्यावर झाली. पण कृपा थांबेना. धरमसिंगच्या एकाचे तीन झाले, तिनाचे सात. हनुवटीवर ज्वारी सांडल्यासारखी दिसू लागली. दाढी करताना रक्त येई. शेवटी एका दुपारी तो धनीबाईच्या अंगणात येऊन बसला. तांड्यात आईला याडी म्हणत, आणि नायकाची बायको साऱ्यांचीच याडी.

"याडी, एवढं नशीब मले पुरे. काढ."

धनीबाईने काढलं. सातही बांधल्या, सातही पडल्या. दोन महिन्यांत पाच नव्या आल्या. किसनसिंगच्या चार काढल्या, तीन परत आल्या. असं तिच्या हाताला आजवर कधी झालं नव्हतं. धरमसिंग तोंडाचा फाटका. तो बाजारात जाऊन मडकेवाल्यांसमोर म्हणाला, "याडीचा हात गेला आता. काढते एक अन् पेरते दोन."

पुढच्या बुधवारी शेजारच्या तांड्याची सुखीबाई बाजारात आली. तिने धनीबाईसमोर कमरेवर हात ठेवले आणि मिरचीवाल्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "काय व धने, घरच्या वावरात पीक उभं हाय म्हनतात, अन् तू लोकाईचं तन काढून राह्यली?"

त्या बुधवारी एकच रोगी आला, आणि त्याला मडकं घ्यायचं होतं.

धनीबाई घरी आली ती थेट चुलीपाशी बसली आणि चूल न पेटवता बसून राहिली. घर नायकाचं होतं. वावर नायकाचं, म्हैस नायकाची, लोक राम राम करीत तोही नायकाच्या बायकोला. फक्त मिरच्या आणि मडक्यांच्या मधली ती दोन हात जागा तिची होती. तिथे लोक धनीबाईकडे येत. ती जागा गेली तर तिला स्वतःचं म्हणावं असं काही उरत नव्हतं.

रविवारी झिंगुजी न्हावी आला. लिंबाखाली त्याने पोतं पसरलं, पाण्याची वाटी भरली आणि नेहमीप्रमाणे पहिली हाक दिली, "या नायक!" तांड्याची रीत होती, पहिला वस्तरा नायकाचा. मग कारभारी धरमसिंग, मग किसनसिंग, मग मानाप्रमाणे एकेक. एवढी वर्षं धनीबाईने हे बघितलं होतं. त्या दिवशी ती ओट्यावर बसून पहिल्यांदा नीट बघत होती. नायक उठला. त्याच्या नशिबाला वस्तरा लागून रक्ताचा थेंब आला होता, तो झिंगुजीने अंगठ्याने पुसला, वस्तरा वाटीत एकदा बुचकळला आणि धरमसिंगच्या गालावर ठेवला.

धनीबाई मनातल्या मनात मोजू लागली. धरमसिंगला सगळ्यांत जास्त. किसनसिंगला त्याहून कमी. चौथ्याला दोन. पाचव्याला एक. सर्वांत शेवटी बसणाऱ्या म्हाताऱ्याला काहीच नाही. तांड्यातल्या एका नेमसिंगला तर नवसाची दाढी होती, तो न्हाव्यापुढे बसतच नसे. त्याचंही तोंड साफ. आणि बायका? त्याच घरात, त्याच लोट्याने पाणी पिणाऱ्या, एकीच्याही हनुवटीवर काही नाही. एवढंच नाही, धरमसिंगच्या चामखिळी रांगेत होत्या. वस्तरा फिरतो त्याच रांगेत.

ती तशीच उठून शाळेपाशी गेली. कौसल्या डबीतले दोरे मांडून बसली होती.

"मास्तरीणबाई, तुह्या पुस्तकात चामखीळ कुठून येते म्हनून काई हाय का?"

कौसल्याने आठवून सांगितलं, की साध्या जंतूंहून बारीक असे जंतू असतात, त्यांनी ती येते. धडधाकट कातडीतून ते सहसा आत शिरत नाहीत. वरचा मेलेला पापुद्रा भिंतीसारखा असतो. पण ओरखडा आला, खरचटलं, की त्या फटीतून खाली जिवंत थरात जातात आणि तिथली कातडी भराभर वाढवायला लावतात. "म्हणून तर मी नलूला खरचटलं की..."

"म्हंजे ओरखडा म्हंजे तास," धनीबाई मध्येच म्हणाली, "अन् वस्तरा म्हंजे तिफन!"

"अगदी बरोबर."

"मंग बियानं नायकाचं, तिफन झिंगुजीची, अन् वावर साऱ्या तांड्याचं!" धनीबाईने कपाळावर हात मारला. "अन् मी बसले निंदत!"

कौसल्याला राहवलं नाही. शिकलेलं सगळं सांगून टाकायची तिला खोड होती. "तसं पाहिलं तर चामखिळी पुष्कळदा वर्ष-दोन वर्षांत आपोआपही जातात. शरीरच त्यांना घालवतं."

धनीबाईने बटव्यातून घोड्याचा एक केस काढून उन्हात धरला.  म्हणाली, "म्हंजे मी तीस वर्सं घोड्याची शेपटी उगाच भादरली?"

कौसल्याला वाटलं, आपण ही जीभ कॉलेजातच ठेवून यायला हवी होती. "नाही हो, तसं नाही..."

"नाई, खरंच असन." धनीबाई उठली, फेट्या झटकला. "पावना बी कधी ना कधी आपसूक जाते, बाई. पन त्याले लवकर उठवाले बी कोनीतरी लागते." आणि दोघी हसल्या.

झिंगुजीपाशी पहिली बोलणी कौसल्याने केली. प्रत्येक दाढीनंतर वस्तरा उकळत्या पाण्यात धरायचा, असं तिने सुचवलं. झिंगुजी दुखावला. "वस्तरा हाय का बटाटा? पंधरा खेप उकयला त त्याची धार कुठं राहीन? मंग तुमच्या लोकाईच्या दाढ्या काय ओरबाडू?"

"मंग एकच खेप उकय," धनीबाई म्हणाली. "सारं झाल्यावर. मी पानी ठेवतो. तसंबी घरी जाऊन तुले धार लावाचीच असते."

ते झिंगुजीला पटलं. बाकीच्यांचे दाणे धनीबाई पुन्हा पाडणारच होती, पण त्याला अर्थ यायचा तर नायकाने शेवटी बसायला हवं होतं. ते सांगायचं काम कौसल्याचं नव्हतं.

देवीलाल भाकरी खात होता. ऐकून त्याचा घास हातातच राहिला.

"नायक शेवटी? म्हाताऱ्याच्याही मांगं? मंग तांडा कोनाचा हाय, झिंगुजीचा?"

"तुमच्या तिळाची लागन होऊन राह्यली लोकाईले."

"लागन? लोक कळंबले जातात त्या परसादासाठी!"

"धरमसिंग सात खेप परसाद घेऊन माह्या अंगनात रडला."

"थो नशीबवान नाई, म्हनून त्याले सोसत नाई." देवीलालने हनुवटी पुढे काढली. "पयला वस्तरा नायकाचा. हे माह्या बापानं नाई बदलवलं, मी बदलवीन?"

धनीबाईने त्याच्या ताटात आणखी भाकरी टाकली. तिला रडू येत होतं, ते तिने चुलीच्या धुरावर ढकललं. "माहा बाप सांगे," ती म्हणाली, "तांडा मिठाच्या गोन्या घेऊन चाले, तवा उन्हायात पान्यावर पोचला का आधी बैल पेत. मंग लेकरं. मंग बाया. नायक सर्व्यात शेवटी पे. कोनी त्याले म्हनलं नाई का तू लहान झाला. जो शेवटी पे, त्यालेच नायक म्हनत."

"थे पान्याचं झालं."

"हो. दाढीचं तुमी करा."

देवीलाल ताटावरून उठला. दुसऱ्या दिवशीही तो हनुवटी चोळत ओट्यावर बसून राहिला. धनीबाईने ओळखलं की तो विचार करतोय, कारण एरवी त्याला विचार करायला इतका वेळ लागत नसे. तो करीतच नसे.

रविवारी झिंगुजीने हाक मारली, "या नायक!" देवीलाल जागचा हलला नाही. खाकरून म्हणाला, "आधी तांडा. नायक शेवटी. आमच्या पूर्वजाईची रीत हाय, तुमाले कोनाले मालूम नाई. मी चालू करून राह्यलो." आणि चिंतामणीसमोर उभा असल्यासारखं तोंड करून लिंबाला टेकून बसला. लोकांनी वाहवा केली. धरमसिंग म्हणाला, "दिल पायजे असा!" धनीबाई ओट्यावरून सारं ऐकत होती. रीत कोणाची, हे तिने कोणाला सांगितलं नाही. चुलीवर पाणी उकळत होतं, तेवढं तिला पुरे होतं.

पण या नव्या मानात एक गोम होती, ती तिच्याही ध्यानात आली नव्हती. देवीलालपाशी पोचेपर्यंत वस्तऱ्याने चौदा दाढ्या केलेल्या असत. धार उरलेली नसे. झिंगुजी जोर लावून ओढे, आणि बोथट वस्तरा नशिबाला अडकून उभाच राही. पहिल्या रविवारी भळभळ रक्त आलं. दुसऱ्या रविवारी देवीलाल "आये!" म्हणून ओरडला आणि ते लेकरांनी ऐकलं. तिसऱ्या रविवारी झिंगुजीने तुरटी दाबून धरली आणि विचारलं, "नायक, एखाद दिवस पयले बसता का?" साऱ्या तांड्यासमोर पूर्वजांची रीत सांगून झाली होती. पहिलं बसणं आता शक्य नव्हतं.

त्या दुपारी तो घरात आला, हनुवटीवर धरलेली तुरटी बाजूला केली आणि हनुवटी बायकोपुढे धरली.

"बांध."

धनीबाईने अंगठ्यांनी कातडी ताणली. रेघा काठाशी येऊन थबकत होत्या, आत काळे ठिपके होते. दोन वर्षांपूर्वी होते तसेच.

"हाय," ती म्हणाली. "पन मी घरी बांधत नाई. बुधवारी बाजारात या."

"घरी नाई बांधत? धरमसिंगची अंगनात बांधली!"

"त्याच्यानंच त मी बदनाम झाले."

"अवं, मी नायक हावो!"

"म्हनून त लोकाईनं पाह्यलं पायजे."

बुधवारी देवीलाल बाजारात आला. आधी तो लांब बैलांच्या बाजारात फिरला, जणू बैल घ्यायचा आहे. मग मिरच्यांचा भाव विचारला. मग दोन मडकी वाजवून पाहिली. शेवटी त्या फटीत शिरला, तर तिथे मुकुटबनहून आलेली एक बाई आधीच बसली होती, दोन्ही हातांवर मिळून अकरा चामखिळी घेऊन. धनीबाई तिला बांधत होती. तिने मान वर न करता सांगितलं, "बसा. नंबरानं."

नायक पोत्यावर बसला. मडकेवाल्याने बघितलं. मिरचीवाल्याने बघितलं. धरमसिंग मिठाच्या दुकानापाशी उभा होता, त्याने तर बघून घेतलंच. धनीबाईने पुन्हा बांधलेल्या पाचही गळून त्याची स्वतःची हनुवटी आता कोरी होती. सुखीबाई वांगी निवडता निवडता थांबली आणि जवळ आली.

"नायक, तुमी इथं?"

देवीलालने हनुवटी हाताने झाकली. मग काय वाटलं कोण जाणे, हात काढला.

"काहून, मी नाई येऊ?" तो म्हणाला. "या हाताचं काम चांगलं हाय म्हनतात."

धनीबाईने मुकुटबनच्या बाईचा अकरावा फास आवळला, तिच्या मुठीत मिठाचा खडा ठेवला आणि ओलं फडकं पिळलं. "या," ती नवऱ्याला म्हणाली, "उन्हाकडं तोंड करा." देवीलालने तोंड उन्हाकडे केलं. सुखीबाई वांगी खाली ठेवून त्याच्या मागे नंबर लावून बसली आणि आपल्या बोटावरचा एक दाणा पदराआडून बघू लागली.